कालवणातली गोळी

पनवेलच्या कोळीवाड्यातली दमयंती तोंडाने तिखट. करंजाडेच्या सोसायटीतल्या बाया "मावशी, थोडं कमी करा ना" म्हणाल्या की ही मासळीची पाटी उचलून चालायला लागायची आणि बाया मागे धावायच्या. अशी बाई २०१९ साली स्वतःच्या पोराला घाबरून होती.

पोरगा हितेश द्रोणागिरीच्या गोदामात कामाला. तिथे गांजा लागला, तोही कधीमधी नाही, उठल्यापासून निजेपर्यंत. मग आवाज यायला लागले. ट्रकवाले हॉर्नमधून मलाच शिव्या घालतात म्हणून तो एकाच्या अंगावर धावला आणि नोकरी गेली. पोलिसांनी धरला असता तर जेलात गेला असता, आणि आवाज तिथेही सोबत गेले असते. वाड्यात म्हणाले, बाहेरचं लागलंय. भगताने कोंबडा खाल्ला, पोरगं होतं तिथेच.

शेवटी तिने त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉ. आभांकडे नेलं. त्यांनी दिलेल्या गोळ्या हितेशने फाटकाबाहेरच गटारात टाकल्या.

"क्यानडात सरकारनंच गांजा खुला केलाय," तो म्हणाला. "तिकडचे लोक काय येडे हायत?"

शेजारच्या ठमाबाईने अक्कल दिली, गोळी कुटून कालवणात घाल. दमयंतीने पुन्हा गोळ्या आणल्या आणि घातल्या. यावर नाक मुरडणाऱ्या शहाण्यांनी आधी सांगावं, गोळी थुंकणाऱ्या पोराचं आईने करायचं काय.

काही दिवस बरे गेले. पोरगं झोपायला लागलं. मग एका दुपारी खाडीतल्या निवट्यांचं कालवण चाखता चाखता तो थांबला.

"आये, यात काय घातलंस?"

"मीठ."

"तू मना मारायला बघतंस."

त्या दिवसापासून त्याने घरचं पाणीही सोडलं. बाहेरच्या वडापाववर जगायचा, आणि आवाज परत आले. दमयंती तरीही गोळी घातलेलं कालवण रोज झाकून ठेवायची, आज तरी खाईल म्हणून. खरं सांगितलं तर पोरगं घर सोडणार, नाही सांगितलं तर असंच वाळत जाणार.

एका सकाळी हितेशने स्वतःच कालवणाचा डबा भरला. "चल डॉक्टरकडं. तपासून घेतो."

डबा टेबलावर ठेवून तो म्हणाला, "यात विष हाय. बघा."

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं नाही, दमयंतीकडे पाहिलं. "ताई, काय आहे यात?"

मीठ, हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला. "गोळी हाय. तुमचीच."

हितेश ताडकन उठला. गेला, असं दमयंतीला वाटलं. तिने डोळे मिटले.

"मंजे कायतरी होतं," तो म्हणाला.

"होतं रे."

"मंजे माजी जीभ तरी येडी नाय." आणि तो चक्क हसला, खुर्ची ओढून बसला. "बाकीचं काय ते बघा डॉक्टर. पण हे खरं होतं."

डॉक्टरांनी दमयंतीला चांगलं झापलं. ज्याला आधीच सगळ्यांचा संशय येतोय, त्याचा एक संशय तुम्ही खरा करून ठेवलात. मग त्याच्याकडे वळल्या. "कॅनडात गांजा ओढला म्हणून आता तुरुंगात टाकत नाहीत, एवढंच. गांजा खुला केल्याने असे आजार वाढतात का, ते अजून अभ्यासतायत. पण ओढणाऱ्यांतल्या काहींचं डोकं बिघडतं, ते कायदा बघून नाही. तू त्या काहींमधला."

"बरा व्हईन?"

"गांजा बंद, गोळी चालू. पुष्कळ जण होतात."

हितेश आईकडे वळला. "यापुढं गोळी माज्या हातावर ठेवायची. भांड्यात नाय."

"नाय घालत, बाबा."

औषधाच्या खिडकीशी ही मोठी रांग. दमयंती बाकावर टेकली आणि बसल्या बसल्या घोरायला लागली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. जाग आली ती भांडणाच्या आवाजाने. मध्ये घुसणाऱ्या एका टोपीवाल्याला हितेश सुनावत होता, "काका, आमी काय इथं मासं मारायला उभं हाव? मागं व्हा."

पोरगं स्वतःच्या गोळ्यांसाठी भांडत होतं. दमयंतीने पदर तोंडावर ओढला आणि पुन्हा झोपली.