रुमण्यावर वत्सलावहिनी

वत्सलावहिनी गेल्या महिन्यात, एका बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास उंद्रीच्या राहत्या घरी वारल्या. तीन आठवडे कावीळ होती. वय पंचेचाळीसच्या आसपास. जन्माची नोंद कुठेच नाही. बुलढाण्याला मला बातमी कळली ती दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडून. त्याने घंटी मारायच्या आधी खाली उतरून एवढंच सांगितलं, "तुमची वयनी गेली…"

त्या माझ्या चुलतभावाच्या, नामदेवदादाच्या पत्नी. बाहत्तरच्या दुष्काळात विहीर आटली आणि दादा सरकारी कामावर दगड फोडायला गेला. तिथे तो खडकाला भोक पाडून सुरुंग भरायला शिकला. पुढे मस्कतकडे रस्त्यांच्या कामाला असेच कारागीर हवे होते. चिखलीच्या एका ठेकेदाराने नाव घातलं आणि दादा गेला. घरात वहिनी, मुलगी सुनंदा, एक बैलजोडी आणि आठ एकर जमीन राहिली.

दादा गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे थोरले भाऊ भगवानदादा घरी आले. मीही तिथे होतो. जमीन बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला द्यावी, असं त्यांचं म्हणणं. ते वहिनींचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, ही घरातली रीत. दोघं चार हातांवर बसलेले, आणि वहिनी डोक्यावरचा पदर ओढून माझ्याकडे बघत बोलत होत्या.

"भाऊजी, सांगा त्यायले. एकदा दुसऱ्याच्या हाती गेलं वावर, का हे आल्यावर कोठी जातीन? पुन्हा दगडंच फोडतीन का?"

"बापू, तिले म्हना, बाईच्या हातानं तिफण चालते का कोठी?"

"त्यायले सांगा, बैलायले ठाव नसते मांगं कोन हाये ते."

भगवानदादा हसू दाबत उठले. पण बैल वळवायला सुद्धा कोणी येणार नाही, असं दारातून सांगून गेले.

आमच्याकडे पेरणीत तिफणीचं रुमणं, म्हणजे मूठ, पुरुष धरतो. बाई मागून सरत्यावर चालते. ओटीतलं बी मुठीने त्या पोकळ बांबूत सोडते. त्या वर्षी वहिनींनी रुमणं धरलं, सरत्यावर सुनंदा. पहिल्या दिवसाचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, वाकडे गेले. बांधावरून कोणीतरी ओरडलं, "वत्सलाबाई, पेरून राह्यली का साप काढून राह्यली?" वहिनी थांबल्या नाहीत. "दाने सरळच येतीन, तुमी जेवाले या," म्हणाल्या. वाकड्या तासांत तण काढायचा, बैलांनी ओढायचा डवरा चालेना, रोपं कापली जाऊ लागली. तेवढा तुकडा मायलेकींनी खुरप्याने निंदला. त्याला सोळा दिवस लागले. दुसऱ्या वर्षी तास सरळ होते. हे मी स्वतः पाहिलं.

दादाची पत्रं महिन्याने पोचत. कोणत्या वावरात काय पेरायचं, हे तो तिकडून कळवी. ज्वारी गुडघ्याला लागलेली असताना मी एकदा असंच पत्र वाचून दाखवलं. त्याने त्या वावरात कपाशी सांगितली होती. वहिनी ऐकून घेऊन म्हणाल्या, "लिहा, तुमी सांगतलं तसंच पेरलं."

"पण वहिनी, ज्वारी आहे ना?"

"त्यायले तिथं झोप येऊ द्या. आल्यावर पाह्यतीन."

मी तसं लिहिलं. बातमीदार म्हणून लिहिलेल्या मजकुरात मी खोटं घातलेलं नाही. या पत्रात घातलं.

पाच वर्षांनी दादा परतला तो पेरणीच्या तोंडावर. टेपरेकॉर्डर, दोन जाड ब्लँकेटं आणि सुरुंगाच्या कामात एका कानाला आलेलं बहिरेपण, एवढं घेऊन. वावरात त्याने रुमणं हाती घेतलं, दोन ओळी ओढल्या आणि बैल थांबवले. बैल नवे होते, वहिनींच्या आवाजावर चालणारे. तो रुमणं वहिनींकडे देऊन मागे आला, परदेशातला टॉवेल कमरेला ओटीसारखा बांधला, त्यात तुरीचं बी घेतलं आणि सरता धरला.

"काऊन बे नाम्या," बांधावरून हाक आली, "मस्कतले जाऊन सरत्यावर आला का?"

दादा चांगल्या कानाने ऐकून म्हणाला, "हाव. मालकीन पुढं हाये."

त्यानंतर शेवटच्या पेरणीपर्यंत ती जोडी अशीच चालली. गावात आणखी तीन घरांतले पुरुष आखातात गेले. त्यांपैकी दोन घरांच्या बायका रुमणं शिकायला वहिनींकडे आल्या. वहिनी शिकवताना बैलांच्या नव्हे, शिकणारीच्या पाठीमागे चालत.

तेरावं झाल्यावर बटईचा विषय पुन्हा निघेल, असं मला वाटलं होतं. दादाला एका कानाने ऐकू येत नाही, सुनंदा सासरी आहे. भगवानदादा आले, ओसरीवर बसले. म्हणाले, "नाम्या, हरभऱ्याचं बी काढून ठेव. बैल मी धरतो."

गेल्या सोमवारी पेरणी झाली. रुमण्यावर भगवानदादा होते, मागे नामदेवदादा. जमीन बटईने दिलेली नाही. हरभऱ्यासाठी राखलेले तिन्ही एकर संध्याकाळपर्यंत पेरून झाले.