मिशीची माशी

“आधी पाणी बघ,” असं म्हणत काकू उजवा हात कानापर्यंत मागे न्यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मनगटाला हलकासा झटका देऊन तो पुढे आणायच्या. हातात काहीही असो. लाटणं असलं तर लाटणं, छत्री असली तर छत्री. एकदा इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या मेट्रोच्या फलाटावर त्यांनी हातात पडवळ असताना हे केलं होतं आणि आजूबाजूची माणसं अदबीने मागे सरकली होती.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापाशी एका विषयाचं अफाट ज्ञान असतं आणि त्या ज्ञानाला आसपास गिऱ्हाईक नसतं. काकूंचा विषय होता नदीतला ट्राउट मासा. ट्राउटला लागतं थंडगार, वाहतं, नितळ पाणी. सिंगापुरात बारा महिने घाम, आणि नळालासुद्धा कोमट पाणी. इथे ट्राउट भेटतो तो सुपरमार्केटात, बर्फावर डोळे वटारून पडलेला. काकू त्याच्याकडे शेजाऱ्यांच्या वाया गेलेल्या मुलाकडे पाहावं तसं बघत आणि ट्रॉली पुढे ढकलत.

त्या मूळच्या रत्नागिरीच्या. लग्न होऊन हिमाचलात गेल्या, कारण काका तिथे धरणाच्या कामावर इंजिनियर होते. माशांशिवाय घास न उतरणारी ही मुलगी डोंगरात जाऊन पडली आणि बाजारात पाहते तर बटाटे, राजमा आणि पुन्हा बटाटे. महिनाभर तिने कळ काढली. मग क्वार्टर्सच्या मागून एक नदी वाहते आणि साहेबलोक तिथे मासे धरतात, असं तिच्या कानावर आलं. त्यांच्याकडे बघून बघून ती शिकली. गळाला किडा न लावता दोरा आणि पिसं गुंडाळून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर खऱ्या माशीसारखी उतरवायची, हे तिला फारच आवडलं. “फसवायचं, पण कष्ट करून फसवायचं,” असं काकू म्हणत.

त्यातही एक नियम होता. सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे न खाण्याचे वार. पण न खाण्याचा वार म्हणजे न धरण्याचा वार नव्हे, असा काकूंचा अर्थ. म्हणून मासा हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला: “आज वार कोणता?” वार खाण्याचा असला तर मासा तव्यावर, नसला तर परत पाण्यात. सगळ्यात मोठे मासे नेमके शनिवारीच लागत, अशी काकांची आयुष्यभराची तक्रार होती.

काका गेले आणि काकू मुलाकडे सिंगापूरला आल्या. मुलगा वन-नॉर्थ भागात माझ्याच ऑफिसात, आणि राहायला आमच्याच ब्लॉकमध्ये (इथे अख्ख्या इमारतीला ब्लॉक म्हणतात), दोन मजले खाली. सोबत आणलेल्या सामानात लोणच्याच्या बरण्या आणि गळाची जुनी काठी. रोज सकाळी त्या ब्लॉकखालच्या हिरवळीवर उभ्या राहत, सलवार-कमीज आणि पायात बूट, आणि गळाच्या जागी लोकरीचा गोंडा बांधून दोरी फेकण्याचा सराव करत. दोरी हवेत मागे उलगडायची, पुढे उलगडायची आणि गोंडा गवतावर अलगद टेकायचा.

एकदा वाऱ्याने घात केला. दोरी पहिल्या मजल्याच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घातलेल्या बांबूला जाऊन गुंडाळली आणि काकूंनी सवयीने झटका दिला. वरून एक पांढरा बनियन तरंगत खाली आला. पाठोपाठ खिडकीत एका चिनी आजोबांचं डोकं दिसलं. ते सगळ्या ब्लॉकचे अंकल. त्यांनी बनियनकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, “आंटी, कॅच ऑलरेडी.”

तेव्हापासून दोघांची दोस्ती झाली. अंकल हातात गरम कॉफी भरलेली प्लास्टिकची पिशवी लोंबकळवत रोज तिथून जात आणि रोज तेच विचारत, “गॉट फिश ऑर नॉट?” काकूंचं उत्तरही रोज तेच, इथल्या लोकांसारखं शेवटी ‘लाह’ जोडून, “टुमॉरो, लाह.” अंकल समजूतदारपणे मान हलवत आणि पुढे जात.

माझी आणि त्यांची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी नमस्कार केला. त्यांनी नमस्कार केला नाही. त्या माझ्या मिशीकडे बघत होत्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून राखलेली, झुबकेदार, टोकांना किंचित भुरी पडलेली मिशी. माझ्या बायकोला ती लग्नाच्या आधीपासून खटकते. काकू मात्र डोळे बारीक करून म्हणाल्या, “केस जाड आहेत तुझे. पाण्यात बसायचे नाहीत.” हे कौतुक आहे की काय, ते मला चौथा मजला येईपर्यंत ठरवता आलं नाही.

इथल्या मराठी मंडळातलं कुणीही न्यूझीलंडला निघालं की काकूंना कसा कोण जाणे सुगावा लागायचा. तिथल्या नद्यांत ट्राउट भरपूर, पण लोकांना मेंढ्या बघायच्या असत, डोंगरापुढे फोटो काढायचे असत. काकू त्यांना गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत गाठत. डिसेंबरात जा, तिथे तेव्हा उन्हाळा, बर्फाचं पाणी ओसरलेलं असतं. पाऊस पडून गेला की नदीला एक-दोन दिवस द्या, गढूळ पाण्यात मासा आंधळा असतो. नदीवर पोचल्याबरोबर पाण्यात उतरू नका, आधी काठावर बसून पाणी बघा. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा त्याच्या पाठीमागून जा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. एका नदीतून दुसऱ्या नदीवर जाताना बूट खडखडीत वाळवा, नाहीतर इथली घाण तिथे जाते. आणि लाल टी-शर्ट घालू नका. समोरचा माणूस हातातला मोदक सांभाळत हो हो म्हणायचा. त्यातल्या एकानेही कधी मासा धरला नाही, पण लाल टी-शर्ट घालायला लोक खरोखरच बिचकू लागले.

“आधी पाणी बघ” हे नदीपुरतं नव्हतं. आम्ही भाड्याचा फ्लॅट बदलायला निघालो तेव्हा त्यांनी तेच सांगितलं, आणि मी नव्या मॅनेजरबद्दल कुरकुर केली तेव्हाही तेच. मी फ्लॅटमध्ये जाऊन खरंच नळ सोडून बघितले. बायको कपाळाला हात लावून उभी होती.

मग काकूंचा गुडघा गेला. खूप दिवसांपासून कुरकुरत होता, आता त्याने पूर्ण असहकार पुकारला. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला. पुण्याला त्यांची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून ऑपरेशन तिथे ठरलं, जानेवारीत. काकूंनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: नंतर वाहत्या पाण्यात, गोट्यांवर उभं राहता येईल का? डॉक्टर म्हणाले, घरात, बाजारात, देवळात खुशाल फिरा, नदीचं मात्र विसरा.

काकू दोन दिवस हिरवळीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आमची बेल वाजली. आमची न्यूझीलंडची तिकिटं काढून झाली होती आणि हे अर्थातच त्यांना माहीत होतं. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “मला एकदा पाण्यात उभं राहायचंय रे. एक मासा. मग कापू दे गुडघा.” त्यांच्या मुलाला सुट्टी मिळत नव्हती, आणि बायकोने माझ्याआधीच हो म्हणून टाकलं.

निघण्याआधी महिनाभर काकू माश्या बांधत होत्या. ब्लॉकखाली साळुंक्यांची पिसं हवी तेवढी पडलेली असतात, ती त्यांनी वेचून आणली. जुन्या पैठणीच्या काठाची जर उसवली. डबा भरून माश्या तयार झाल्या, एकीसारखी दुसरी नाही.

न्यूझीलंडच्या विमानतळावर कुठलाही जीवजंतू बाहेरून येऊ नये म्हणून सामान फार बारकाईने तपासतात. काकू खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. मेतकूट, लसणाची चटणी, मासे तळायला आणलेला मसाला, सगळं त्यांनी आपणहून टेबलावर मांडलं. अधिकारी मुलगी फार गोड होती. तिने चटणी हुंगली, शिंकली आणि सोडून दिली. मसाला सोडला. माश्यांचा डबा उघडून मात्र तिने विचारलं, ही पिसं कुठली? काकू अभिमानाने म्हणाल्या, आमच्या ब्लॉकखालची. संपलं. रानटी पक्ष्यांची पिसं आत नेता येत नाहीत. डबा गेला.

बाहेर आल्यावर काकू ट्रॉलीवर टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडतील. “माशी कुठे शिंकते म्हणतात ना,” त्या म्हणाल्या, “ती इथे शिंकली.” आणि हसायला लागल्या. आम्हीही हसायला लागलो. बायकोला तर हसून हसून खाली बसावं लागलं.

दुकानात तयार माश्या मिळत होत्या, अगदी पाहिजे तशा. मी घेऊ म्हटलं. काकूंना ते पटेना. दुकानाच्या माशीने धरलेला मासा दुकानदाराचा, असं त्यांचं म्हणणं. नुसते गळ तेवढे विकत घेतले. आणि वर पाऊस लागला. दोन दिवस नदी चहासारखी वाहत होती. तिसऱ्या दिवशी पाणी निवळायला लागलं, पण वारा सुटला. आमचा फक्त एक दिवस उरला होता.

त्या दुपारी मोटेलच्या टेबलावर काकू माशी बांधायला बसल्या. अंगाला बायकोच्या स्वेटरची लोकर झाली. चमकायला जर होतीच, पर्समध्ये सुईदोऱ्याबरोबर गुंडाळून ठेवलेली. पण माशीला पाय लागतात. ताठ, बारीक, पाण्यावर तिला तोलून धरणारे. त्याला पिसं किंवा राठ केस पाहिजेत. काकूंनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्या नाकाखाली येऊन थांबली.

मी म्हणालो, काकू, नाही. बायको तोवर नखांची कात्री घेऊन आली होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी आजही विसरू शकत नाही.

डावं टोक गेलं. काकूंना तेवढंच पुरलं. उरलेलं बायकोने कापू का म्हणून विचारलं, पण काकूंनी राखीव साठा म्हणून ते तसंच ठेवायला लावलं. त्यामुळे न्यूझीलंडमधले माझे पुढचे सगळे फोटो एका बाजूने काढलेले आहेत. माशी मात्र देखणी झाली. काकूंनी ती पेल्यातल्या पाण्यावर सोडली. ती बुडाली नाही. माझ्या केसांवर ऐटीत उभी राहिली.

शेवटच्या दिवशी सकाळी ऊन पडलं. पाणी इतकं नितळ होतं की तळाचा प्रत्येक गोटा दिसत होता. काकू काठावर बसून राहिल्या आणि पाणी बघत राहिल्या. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग त्यांनी बोट केलं. एका मोठ्या दगडाच्या मागे एक सावली होती, आणि ती सावली शेपूट हलवत होती.

आम्ही पाण्यात उतरलो. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर, माझा हात त्यांच्या कमरेला. पाणी हाडं गोठवणारं. गुडघा दर पावलाला दुखत असणार, कारण प्रत्येक पावलाला त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. माशाच्या मागे, खालच्या बाजूला उभ्या राहिल्या. हात कानापर्यंत गेला, क्षणभर थांबला आणि पुढे आला. टॅम्पिनीसमध्ये मी हे हजारदा पाहिलं होतं, लाटण्याने, छत्रीने, पडवळाने. पण पाण्यावर पाहिलं नव्हतं. माशी उतरली तेव्हा पाण्याला कळलंसुद्धा नाही.

मासा वर आला, माझ्या मिशीला नाक लावलं आणि तोंड फिरवून परत गेला. मला खरंच अपमान वाटला. काकू थांबल्या. बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग पुन्हा टाकली, जरा पुढे. या वेळी पाणी फुटलं आणि काठी वाकली.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मासा प्रवाहाबरोबर खाली पळाला, काकूंना त्याच्यामागे जायचं होतं आणि गुडघा जाऊ देईना, म्हणून मीच त्यांना अर्धवट उचलून गोट्यांवरून धडपडत नेत होतो. काठावरून बायको हसत, ओरडत पळत होती. मी एकदा कमरेपर्यंत बसलोसुद्धा. काकू मात्र माझ्या डोक्याचा आधार घेऊन उभ्याच. शेवटी मासा दमला. काकूंनी हात ओले करून त्याला पाण्यातच धरला. हातभर लांब, सोनेरी, अंगावर तांबडे ठिपके. ओठाच्या कडेला माझी मिशी.

“आज वार कोणता?” काकूंनी विचारलं.

“बुधवार,” मी म्हणालो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मसाला होता, मोटेलमध्ये तवा होता, बायकोने रवासुद्धा आणला होता.

मासा त्यांच्या हातात कल्ले उघडत होता, मिटत होता. काकूंनी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, आणि मला दिसलं की त्यांना तो ठेवायचा नाही.

“गुरुवार आहे,” त्या म्हणाल्या.

“काकू, बुधवार आहे आज.”

“सिंगापूरपेक्षा इथे घड्याळ पुढे असतं ना? मग लागला असेल गुरुवार.”

त्यांनी गळ सोडवला आणि हात उघडले. मासा लगेच गेला नाही, हातांतच थोडा वेळ राहिला. मग गेला. काकू त्या रिकाम्या ओंजळीतून पाणी जाताना बघत होत्या आणि त्यांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या. मलाही रडू आलं. अर्धी मिशी, कमरेपर्यंत भिजलेला, आणि रडत होतो. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

जानेवारीत काकूंचं ऑपरेशन झालं. छान झालं. त्या आता पुण्यातच असतात, मुलीकडे. देवळात जातात, भाजी आणतात. फोनवर मिशीची चौकशी करतात. ती पुन्हा भरून आली आहे. सिंगापूरला यायचं त्या काही काढत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

जाताना काठी मला देऊन गेल्या. मी रविवारी सकाळी हिरवळीवर जातो. गोंडा अजून अलगद टेकत नाही, बहुधा माझ्याच कानावर आपटतो. परवा अंकल कॉफीची पिशवी घेऊन आले, थांबले, माझ्याकडे बघितलं, मग हिरवळीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं.

“आंटी कम बॅक व्हेन?” त्यांनी विचारलं.

खरं ते मला माहीत होतं. सांगायला तोंड उघडलं, आणि हात आपोआप कानापर्यंत गेला.

“टुमॉरो, लाह,” मी म्हणालो.

अंकलनी समजूतदारपणे मान हलवली आणि ते पुढे गेले.