सासूबाईंनी ब्रेक धरला

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट असेल. जव्हारला माझा गवताचा धंदा होता. पावसाळा सरला की मोखाड्याकडच्या डोंगरांवरचं गवत कापून घ्यायचं, वाळवायचं, प्रेसमध्ये दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना धाडायच्या. गावोगाव फिरायला एक जुनी जीप घेतली होती, सरकारी खात्याने वापरून लिलावात काढलेली. वर ताडपत्री, बाजूला दारं नाहीत, पण इंजिन दणकट होतं. चालवायचो मीच.

दिवाळीच्या सुमाराला ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. आधी वाटलं, लायनर झिजले असतील. मग अंगणात जीप जिथे उभी करायचो तिथे फरशीवर ओल दिसली. इंजिनाचं तेल काळं असतं, हे पाण्यासारखं पातळ होतं, आणि खाली चासीवर जिथे ते ओघळलं होतं तिथला रंग फुगून सालीसारखा सुटला होता. मागचा लाल दिवाही ब्रेक मारल्यावर कधी लागायचा, कधी नाही.

बाजारपेठेमागे एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांच्या वडिलांपासून गावातल्या मोटारी आणि पाण्याचे पंप त्यांच्याकडेच दुरुस्त व्हायचे. त्यांनी जीपखाली शिरून पाहिलं आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "सिलिंडर चांगला आहे शेट. त्याच्यावरचा दिव्याचा स्विच गळतोय."

हा स्विच म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरवर आट्यांनी बसवलेली असते. पेडल दाबलं की तेलाचा दाब तिच्यात जातो, आतली पत्री दबते, दोन तारा जोडल्या जातात आणि मागे लाल दिवा लागतो. ती पत्री फाटली होती. त्यामुळे दर वेळी ब्रेक मारला की थोडं तेल तिथून बाहेर पडत होतं.

"नवा मागवा," मिस्त्री म्हणाले. "मी भाचीच्या लग्नाला भिवंडीला चाललोय. आलो की लगेच बसवून देतो. तोवर गाडी घाटात घालू नका."

मला घाटातच घालायची होती. बायकोला सातवा महिना सरत आला होता आणि पहिल्या बाळंतपणाला ती नाशिकला माहेरी जाणार होती. आठव्यात बाईमाणसाने प्रवास करायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. एस.टी.त बसलं की बायकोच्या पोटात वाटेतल्या पोशेऱ्यापर्यंतसुद्धा काही टिकत नसे. उघड्या जीपमध्ये मात्र तिला त्रास होत नव्हता. तेव्हा मागे गवत अंथरून, त्यावर गादी टाकून हळूहळू न्यायचं असं ठरलेलं होतं. सासूबाई तिला न्यायला स्वतः येणार होत्या. मी धाकट्या मेहुण्याला निरोप पाठवला की त्यांच्याबरोबर नाशिकहून जीपचा स्विच आणि ब्रेक ऑइलचा एक डबा पाठव.

सासूबाई एस.टी.ने आल्या. पिशवीतून डिंकाचे लाडू निघाले, बाळंतविड्याचं काही सामान निघालं आणि कापडात गुंडाळलेला स्विच निघाला. तो त्यांनी बायकोच्या हातात दिला.

"हे त्यांना दे. तुझ्या भावाने दिलंय. कशाचं आहे विचार."

मी समोरच बसलो होतो. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. त्यात राग नव्हता, रीत होती. जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, एवढंच. जेवताना म्हणायच्या, "विचार त्यांना, भात वाढू का." मी म्हणायचो, "वाढा." मग त्या वाढायच्या. आमच्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं आणि तोवर त्यांचं एकही वाक्य सरळ माझ्याकडे आलं नव्हतं.

मिस्त्री आलेले नव्हते. त्यांच्या घरी जाऊन आलो. लग्नघरी पाहुण्यांनी थांबवून घेतलंय, असं त्यांच्या आईने सांगितलं. माझी सगळी माणसं गवतावर गेली होती. एस.टी.च्या डेपोत एक मेकॅनिक ओळखीचा होता, पण दिवाळीनंतरच्या गर्दीत त्याला डोकं वर काढायला वेळ नव्हता. मिस्त्रींचं काम मी बऱ्याचदा शेजारी बसून पाहिलेलं होतं. पाने घरात होते. म्हटलं, आपणच बसवू.

सकाळी अंगणात जीप लावली, चाकांना दगड लावले आणि गोणपाट टाकून खाली शिरलो. जुन्या स्विचच्या दोन तारा काढल्या. स्विच गंजून बसला होता. पाना सटकून माझी बोटं दोनदा चासीवर आपटली. शेवटी पान्यावर हातोडीचा हलका ठोका दिला तेव्हा तो हलला. बाहेर आला तसं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. एका बोटाने भोक दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने नवा स्विच चाचपडत उचलला. आटे वाकडे बसू नयेत म्हणून आधी हाताने फिरवला, मग पान्याने आवळला. इथपर्यंत ठीक झालं.

आता ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची होती. ती राहिली तर पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागची निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करायची, बुडबुडे आणि तेल बाहेर जाऊ द्यायचं, निपल आवळायची आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. निपल उघडी असताना पाय उचलला तर बाहेर गेलेली हवा परत आत.

बायको म्हणाली, "मी बसते."

"तू बसायचं नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, हातात तांदळाचं सूप. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "ते खाली झोपणार आणि मी वरून पाय दाबू? जावयावर?"

"माझ्यावर नाही, आई. पेडलवर," मी म्हणालो.

त्यांनी सूप आत नेऊन ठेवलं, हात धुतले, पदर कमरेला खोचला आणि आल्या. चपला काढल्या. जीपमध्ये चढायच्या आधी त्यांनी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला. मी कुठलं पेडल ते दाखवलं. त्यांना सीटवर टेकून पाय पुरेना, तेव्हा बायकोने पाठीमागे उशी दिली.

सगळ्यात लांबचं, मागचं डावं चाक आधी घेतलं. निपलला रबरी नळी लावली, तिचं दुसरं टोक तेल घातलेल्या बाटलीत सोडलं. ओरडलो, "हां!" त्यांनी दाबलं. निपल सैल केली, बुडबुडे आले. आवळायला लागलो तोच नळीतलं तेल मागे ओढलं गेलं. पाय उचलला होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा माझा तोल गेला.

"सोडू नका म्हटलं ना! किती वेळा सांगायचं?"

मी खालून ओरडलो होतो, पण आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असावा. तिथलं भांडी घासणं थांबलं. मला बायकोची पावलं दिसत होती, ती जागची हलली नाहीत. आता सासूबाई उतरून आत जाणार आणि बायको नाशिकहून पुढचे सहा महिने परत येणार नाही, असं माझ्या मनात आलं.

मग वरून आवाज आला. सरळ माझ्याकडे.

"तुम्ही दाबायलाही 'हां' म्हणता आणि झाल्यावरही 'हां' म्हणता. मी कोणत्या 'हां'ला काय करायचं?"

मी आठवून पाहिलं. खरंच होतं. निपल सैल झाली, तेल यायला लागलं की समाधानाने माझ्या तोंडून दुसरा 'हां' निघत होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "आता 'दाबा' म्हणेन. मग 'धरा'. 'सोडा' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही."

"मी पण सांगत जाईन," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला कळेल."

त्यानंतर काम रुळावर आलं.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय. खाली चाललंय बरं का. पण धरलंय."

"सोडा."

"सोडलं."

चारही चाकं अशी झाली. मधूनमधून उठून मी पायाखालचं झाकण उघडून सिलिंडरमध्ये तेल भरायचो, तेव्हा सासूबाई साडी सावरून एका बाजूला सरकायच्या. एकदा वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "एरंडेल आहे का हो यात?" मला माहीत नव्हतं. असेल, म्हटलं. "वास तसाच आहे," त्या म्हणाल्या. शेवटच्या चाकापाशी मी काही विचारायच्या आधीच त्या बोलल्या, "आता घट्ट लागतंय. मघाशी चिखलात पाय गेल्यासारखं होत होतं."

बायकोला मागे स्टूल टाकून बसवलं. दिवा लागतो का ते तिने सांगायचं होतं. आईने ब्रेक दाबला.

"नाही लागला."

पुन्हा दाबला.

"अंहं."

मी पुन्हा खाली शिरलो. एक तार लोंबकळत होती. जोडायचीच राहिली होती. ती जोडली.

"लागला!" बायको म्हणाली. "सोड. गेला. दाब. लागला!" मायलेकींनी मग ते गरजेपेक्षा जास्त वेळा केलं. मी नको म्हणालो नाही. खाली पडून मी स्विचभोवती बोट फिरवत होतो. कोरडं होतं.

जीप फिरवून पाहायला निघालो तर सासूबाई पुढच्या सीटवरून उतरेनात. "मी येते. माझ्या पायाने केलंय ते." राजवाड्याच्या रस्त्याने जाऊन आलो. दोन-तीनदा मुद्दाम जोरात ब्रेक मारला. जीप जागच्या जागी उभी राहिली. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली आणि मग स्वयंपाकाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघालो. मागे गवतावर गादी, त्यावर बायको, पुढे मी आणि सासूबाई. हवेत गारठा होता. खाचरांतली भातं कापून झाली होती, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली अजून उभी होती. पोशेऱ्याच्या उतारावर एका वळणानंतर समोर गुरं आली, रस्ता भरून. मी ब्रेक मारला. माझ्या शेजारी सासूबाईंचा उजवा पाय जीपच्या पत्र्यावर दाण्‌कन आपटला आणि त्या म्हणाल्या, "धरलंय!"

मागून बायको इतकी हसली की मलाच भीती वाटली.

गुरांमागचा माणूस माझ्या ओळखीचा निघाला. त्याच्या माळावरचं गवत मी घेत असे. मी जीपखाली डोकावून स्विच पाहत होतो, तो जवळ आला.

"काय झाला शेट गाडीला?"

"काही नाही. नवीन सामान टाकलंय, बघतोय."

त्याने मागे पाहिलं. "बाई पोटुशी हाय. हलू ने. खालचे वलनावर दगड पडलान."

त्याने सांगितलं नसतं तरी दगड दिसला असता, पण मी तिथे पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मोखाड्याला चहासाठी थांबलो. तिथेही मी खाली वाकून पाहिलं, आणि माझ्यानंतर सासूबाईंनी वाकून पाहिलं. "कोरडं आहे," त्या मला म्हणाल्या. त्र्यंबकच्या पुढे रस्ता सपाट झाला तशा त्या बसल्या जागी पेंगायला लागल्या, पण उजवा पाय मात्र पुढेच ताठ होता.

नाशिकला घरात पाऊल टाकल्यावर सगळे मेहुणे, त्यांच्या बायका, शेजारी जमले. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि मुलीला म्हणाल्या, "विचार त्यांना, आंघोळीला पाणी काढू का." मी म्हणालो, "काढा." बायको माझ्याकडे बघून हसू दाबत होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चारचौघांत त्यांची रीत त्यांना मोडायची नव्हती. संध्याकाळी मेहुण्याने विचारलं, स्विच कोणी बसवला, तर मी म्हणालो, आम्ही दोघांनी. तो म्हणाला, दोघं कोण? मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. त्याला ते खरं वाटलं नाही.

मी परत जव्हारला आलो. मिस्त्री भिवंडीहून आले होते. त्यांनी खाली शिरून पाहिलं, एका तारेला टेप गुंडाळली आणि बरं झालंय म्हणाले.

पौषात मुलगी झाली. मेहुण्याची तार आली तेव्हा मी मोखाड्याला गाठी ट्रकवर चढवून घेत होतो. माणसांना पेढे आणायला कोणाला तरी पिटाळलं आणि तसाच, अंगाला गवत चिकटलेलं असताना, नाशिकला निघालो. दवाखान्याच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. आजूबाजूला घरचं कोणी नव्हतं.

"दोघी बऱ्या आहेत," त्या मला म्हणाल्या. "आधी हातपाय धुऊन या. मग देते हातात."