कुठे निघालात?

माझा मामा बॅगा विकतो. दुकान त्याचं नाही, पण मोठ्या बॅगांचा विभाग गेली अठ्ठावीस वर्षं त्याच्या ताब्यात आहे, आणि खुद्द मालकही त्या बाजूने जाताना जरा अंग चोरून जातो. मी त्याच दुकानात मागच्या कोपऱ्यात दुरुस्तीच्या टेबलावर बसते. चेन अडकली, हँडल निखळलं, लॉकचा नंबर विसरला की माणसं माझ्याकडे येतात. मामा विकतो आणि मी निस्तरते, त्यामुळे त्याच्याबद्दल मी जे सांगेन ते थोडं तिखटच असणार.

मामा गिऱ्हाइकाला "केवढी हवी?" असं कधीच विचारत नाही. तो विचारतो, "कुठे निघालात?" की माणूस सैल झालाच. कुणी लेकीकडे निघालेला असतो, कुणी ऑफिसच्या कामाला. कुणी कुठेच निघालेला नसतो, पण तसं म्हणवत नाही, म्हणून काहीतरी ठोकून देतो. मामा उत्तराकडे लक्षच देत नाही. उत्तर देताना मान किती ताठ होते, तेवढं बघतो.

"बॅग कुणालाच नको असते गं," तो मला म्हणतो. "एकाला साहेब दिसायचं असतं, दुसऱ्याला कुणाच्या तरी नाकावर टिच्चून जायचं असतं, तिसऱ्याला नुसती धास्ती असते. आपण त्यावरचं औषध विकायचं. बॅग आपली पुडीसारखी."

एकदा एक बाई आल्या. म्हणाल्या, "माझ्या जावेकडे आहे ना, तशीच दाखवा."

मामाने डॉक्टरसारखा चेहरा करून विचारलं, "जावेची किती इंची?"

"चोवीस."

"मग आपण सव्वीस बघू या."

बाईंनी दुसरी बघितलीच नाही. एका कारकुनाला नंबरच्या लॉकची ब्रीफकेस हवी होती आणि आत ठेवायचा होता जेवणाचा डबा. मामा म्हणाला, "मग तर लॉक हवंच. साहेब आत काय नेतात, ते चारचौघांना कशाला कळायला हवं?" 'साहेब' ऐकून तो माणूस जागच्या जागी उंच झाला. आणि कुणी फारच घुटमळायला लागलं, तर मामा हळूच बॅग त्याच्या हातातून काढून घ्यायचा. "राहू द्या, ही तुमच्यासाठी नाही." झोंबल्याच मिरच्या नाकाला! पाच मिनिटांत पावती फाटायची.

दोनतीन वर्षांनी त्याच बॅगा माझ्या टेबलावर येतात. चेन गंजलेली, चाकं मात्र कोरी करकरीत. उघडावी तर आत जुन्या रजया. कपाटावरून कधी खाली न उतरलेल्या त्या बॅगा पाहून मला हसू यायचं आणि रागही यायचा. राग यायचा तो मामीसाठी.

मामीने या दुकानातली साधी पिशवीसुद्धा घरात येऊ दिली नव्हती. "मला काय करायचीय? मी कुठे जाते?" म्हणायची. मामाला वाटायचं, बायको समाधानी आहे. जगाच्या पोटात शिरून येणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार! मग एके दिवशी ती जेवताना त्याला काहीतरी म्हणाली. मामा पेपरामागून "हं" म्हणाला. त्यानंतर तीन दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला मामी दुकानात आली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. तिने किंमत विचारली नाही, चाकं फिरवून बघितली नाहीत. सरळ एक छोटी लाल बॅग खाली काढली, उघडली आणि आतला कप्पा हाताने चाचपू लागली.

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. का, ते मला ठाऊक होतं. त्याचाच नियम होता, मला शंभरदा ऐकवलेला. जे गिऱ्हाईक आधी आतला कप्पा चाचपतं, ते मनातल्या मनात कपडे भरत असतं. त्याला काही विकावं लागत नाही. ते निघालेलंच असतं.

"ती... एकटीपुरतीच आहे," मामा कसाबसा म्हणाला.

"तेवढीच हवीय."

मग मामाने जन्मात केलं नव्हतं ते केलं. बॅगेला नावं ठेवायला सुरुवात केली. "या चाकांचा भरवसा नाही. चेन वर्षभरात दात सोडते. लाल रंग उडतो. लॉक तर शोभेचं आहे, विचार हिला." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान डोलावली, कारण शब्द न् शब्द खरा होता.

शेजारी एक लठ्ठ गृहस्थ कान देऊन ऐकत होते. ते भारावून म्हणाले, "अहो, इतकं खरं बोलणारा विक्रेता मी आजवर पाहिला नाही! दोन द्या मला यातल्या." मामाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बिचारे स्वतःच दोन बॅगा काढून घेऊन काउंटरकडे गेले.

मामी चेन लावत होती. मामाने बॅगेवर हात ठेवला.

"कुठे निघालीस गं?"

मामीचा हात थांबला. "दुकानात येणाऱ्या दर माणसाला हे विचारता तुम्ही," ती म्हणाली. "मला विचारायला मला गिऱ्हाईक व्हावं लागलं."

माझे डोळे भरून आले, मी उगाच एका चेनला तेल लावायला घेतलं.

"मैत्रिणीकडे. समुद्रावर, आठ दिवस," मामी म्हणाली. "त्या दिवशी जेवताना हेच सांगत होते. तुम्ही 'हं' म्हणालात."

"आणि मी?"

"तुम्हाला कुठे जायचंय?"

हे मामाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो फळीकडे वळला, तिथली एक निळी बॅग त्याने हळूच खाली काढली आणि आतला कप्पा चाचपू लागला. मामीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "ही तुमच्यासाठी नाही."

मामाने ती परत हिसकावून घेतली.

गेल्या आठवड्यात लाल आणि निळी, दोन्ही बॅगा माझ्या टेबलावर आल्या. चाकं पार झिजलेली, खाचांत वाळू. मामाचे डोळे चमकत होते. "दुरुस्त करू नकोस गं! शोकेसमध्ये ठेवू. अशी झिजलेली बॅग बघून लोक वेडे होतील."

मामीने दोन्ही बॅगा माझ्यापुढे सरकवल्या. "चाकं बदल गं. रविवारी निघायचंय."