स्टिकवरचे पिवळे डाग

बँकेत ऑडिट करण्यात हयात गेलेल्या निशिकांतला संशय घेतल्याशिवाय घास उतरत नसे. दक्षिणेतल्या त्या शहरात डिसेंबरच्या पावसाआधी पाणी मुरावं म्हणून गोल्फच्या हिरवळीवर वाळू पसरली, तरी ती आपलाच चेंडू अडवायला, असं तो म्हणे.

दसऱ्याला खेळायला गेला, तर स्टिकवर पिवळे डाग. तसलाच डाग हिरवळ राखणाऱ्या सेल्वमच्या गवत कापायच्या यंत्रावर दिसला. "माझ्या स्टिकना हात लावलास," म्हणत निशिकांतने त्याला चारचौघांत झापलं.

"सर, काल आयुधपूजा होती. मी फक्त यंत्र पुजलं," सेल्वम म्हणाला.

घरी उल्का पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला म्हणाली, "काल खंडेनवमी नव्हती का? तुमच्या स्टिकना मीच हळदकुंकू वाहिलं."

माफी मागायला निशिकांतने फोन उचलला. पण आधी बॅगेतले चेंडू मोजून घेतले.