पालथी होडी आणि डोईवरचा पदर

लग्न होऊन मी भाटघरच्या पाण्याकाठी आले, तेव्हा पोहणं सोडाच, गुडघ्याला पाणी लागलं तरी मला धडकी भरायची. मी हिर्डोशीची, डोंगरातली. आणि इथं माहेरची वाटच पाण्यातून. होडीनं पलीकडं उतरायचं, मग दिवसभर चालायचं.

आदल्या साली वस्तीतली एक बाई अगदी काठाजवळ, पालथ्या होडीखाली गुदमरून गेली होती. तेव्हापासून सासऱ्यांचा नियम झाला: पालथ्या होडीखालून आपली आपण बाहेर आल्याशिवाय घरातल्या कुणी पावसाळ्यात होडीत बसायचं नाही. म्हणजे मला जमलं नाही, तर पंचमीला माहेर बंद. आईला बघून सहा महिने झाले होते. मला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग.

वैशाखात पाणी ओसरलं, तेव्हा सासऱ्यांनी छातीएवढ्या पाण्यात होडी उभी केली. सासूबाई शेजारी उतरल्या. होडी उलटली की सरळ वर उसळायचं नाही, डोकं फळीवर आपटतं. दोन्ही हातांनी कड धरायची, खाली बुडी मारायची, बाजूनं सरकायचं. त्यांनी माझ्याकडून हे दहादा घोकून घेतलं.

मी होडीत बसले आणि सासऱ्यांनी ती उलटवली. अंधार, नाकात पाणी. एका हातानं मी कड चाचपत होते आणि दुसऱ्या हातानं, हसू नका, डोईवरचा पदर घट्ट धरून होते. सासऱ्यांपुढं उघड्या डोक्यानं यायचं कसं? एका हातानं कसली निघतेय मी! सासूबाईंनी दंडाला धरून ओढलं. दुसऱ्यांदाही तेच. त्या वैतागल्या, म्हणाल्या, हिचा जीव जाईल पण पदर जायचा न्हाई.

सासरे माझ्याशी कधी बोलत नसत, मीही नाही. आता बोलले.

"पोरी, पान्याखाली सासरा नसतो. पदर सोड."

एवढं सांगून ते काठावर गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

तिसऱ्यांदा होडी सासूबाईंनीच उलटवली. पदर कुठं गेला देव जाणे. दोन्ही हात कडेला लागले, मी बुडी मारली, सरकले, आणि तोंडावर ऊन आलं. खोकत, ठसकत, उघड्या डोक्यानं मी उभी राहिले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"आली का?" सासऱ्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"आले, मामंजी," मी मोठ्यानं म्हणाले.

ते तरीही वळले नाहीत. "मग धाडतो तुज्या आईला निरोप," म्हणाले, "पंचमीला पोर येतीय म्हनून."