गोठवलेली नळी

व्हर्लिन केप्नरचा नेम चुकला की दोष कुणाचा? बंदुकीच्या दारूचा, दुर्बिणीचा, नाहीतर शेजारच्या टेबलावर खोकणाऱ्याचा. व्हर्लिनचा कधीच नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण पेनसिल्व्हेनियात कुणी ऐकली नसेल, पण तिच्यासाठी माणूस मात्र तिथे तयार होता.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. नेमबाजीच्या क्लबात कॉफीच्या भांड्यामागच्या भिंतीवर वर्षातला सर्वांत चांगला कागद लागायचा, पाच गोळ्यांची भोकं सर्वांत जवळ असलेला, आणि खाली नेमबाजाचं नाव. दरवर्षी नाव ड्वेनचं, म्हणजे व्हर्लिनच्या मेहुण्याचं. ते बघत कॉफी प्यायची म्हणजे घशात अडकणारच की हो!

यंदा वसंतात व्हर्लिनला साक्षात्कार झाला. बंदुकीच्या नळीच्या पोलादात ताण असतो म्हणे; द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवली की तो जातो आणि नेम सुधारतो. झालं! नळी उतरवली, ओहायोतल्या कारखान्यात धाडली आणि क्लबभर दवंडी पिटली.

"दाजी, गोठवून नेम सुधारतो तर तुम्हीच जाऊन बसा ना त्या डब्यात," ड्वेन म्हणाला.

"हस लेका, हस! उणे तीनशे अंश फॅरनहाइट! मग बघू."

नळी परत यायला उन्हाळा सरला. तोवर घरात पाय आपटत फिरणाऱ्या नवऱ्याला कंटाळून आर्डिथनं आपली जुनी छोटी बंदूक त्याच्या हातात कोंबली. "जा, मागच्या कुरणात मर." त्या बंदुकीची हलकी गोळी जराशा वाऱ्यानंही भरकटते. मग झक मारत व्हर्लिन वाऱ्याची दिशा सांगणारी छोटी निशाणं बघायला शिकला, झुळूक पडेपर्यंत चाप न ओढायला शिकला. जन्मात पहिल्यांदा तो थांबला.

सप्टेंबरच्या स्पर्धेत आडवा वारा सुटला. भलेभले भरकटले. गोठवलेली नळी लावलेला व्हर्लिन निशाणांकडे बघत बसला, थांबला आणि मगच चाप ओढला, पाचही वेळा. पाच भोकं मिळून जणू एकच! सगळे चाट पडले.

"नळी!" व्हर्लिन छाती फुगवून सांगत सुटला. "मी काही केलं नाही, सगळं नळीनं केलं!"

ड्वेननं कागद भिंतीवर लावला, पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, 'गोठवलेली नळी'.

"अरे, हे काय? माझं नाव?"

"दाजी, आताच म्हणालात ना, तुम्ही काही केलं नाही?"

क्लब खदखदून हसला. आर्डिथ मात्र चिडली. "सांग ना रे सगळ्यांना! उन्हाळाभर कुरणात काय घाम गाळलास ते सांग!"

व्हर्लिननं तोंड उघडलं. खरं सांगावं तर गोठवण्याची फजिती, न सांगावं तर नाव जातं. ड्वेन हसायचा थांबला होता. त्याच्या हातात खोडरबर होता, आणि तो खरोखरच वाट बघत होता.

"उणे तीनशे अंश," व्हर्लिन म्हणाला. "नळीच."

ड्वेननं खोडरबर खिशात टाकला. व्हर्लिन अजून तिथेच कॉफी पितो, भिंतीकडे पाठ करून.